डबा भरल्यावर काय? समुद्रातलं युरेनियम आणि आपल्या बोअरचं पाणी

पोस्ट लांब झालीय. गोष्ट समुद्राची आहे आणि आपल्या नांदेडला समुद्र नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण ही गोष्ट फिरून आपल्याच गावातल्या हापशापाशी येते.

माझ्या मामाचं गाव मुखेड तालुक्यात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथं असायचो. मामाचे पुढचे दात तपकिरी, चट्टे पडलेले. आम्हा पोरांना वाटायचं तंबाखूनं झालेत. पण मामानं आयुष्यात तंबाखू तोंडात घातली नाही. पुढं मी रसायनशास्त्र शिकलो, तीस वर्षं शिकवलं, तेव्हा उमगलं की ते दात पाण्यानं तसे झालेत. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडनं.

काही वर्षांपूर्वी त्या गावच्या हापशाला एक डबा जोडला. आत पांढरी खडी. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या दिवाळीला गेलो तेव्हा मामाला विचारलं, "मामा, डब्यातली खडी कुणी बदलली का?"

"बदलायची असती व्हय ती?" मामा म्हणाला. "पाणी तर येतंय की."

पाणी येत होतं हे खरं. पण डबा भरला होता. पाण्यानं नाही, फ्लोराईडनं. आता तो काहीच धरत नव्हता. बोअरचं पाणी एका बाजूनं आत जाऊन दुसऱ्या बाजूनं जसंच्या तसं बाहेर येत होतं आणि गाव ते 'फिल्टरचं' म्हणून पीत होतं.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय: डबा भरल्यावर काय? याच प्रश्नाचा साठ वर्षांचा इतिहास आज सांगतो. फ्लोराईडचा नाही, युरेनियमचा. का ते पुढं कळेल.

आधी आपल्या पायाखालचा दगड

मराठवाडा म्हणजे काळा दगड, बेसॉल्ट, असं आपण शाळेत शिकलो. ते बहुतेक खरं आहे. पण आपला नांदेड जिल्हा या काळ्या दगडाच्या कडेवर आहे. देगलूर, बिलोली, मुखेड, भोकर, किनवट या पट्ट्यात कुठं पूर्ण, कुठं थोडा, गुलाबी-करडा ग्रॅनाईट आणि नाईस वर येतो. तेलंगणात जो दगड पसरलाय त्याचंच हे टोक. १९५६ पर्यंत नांदेड आणि नालगोंडा एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यं वेगळी झाली, खडक एकच राहिला.

लातूरकरांनी आपण सुटलो असं समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचा बेसॉल्ट ३३८ मीटरला, म्हणजे साधारण ११०० फुटांवर संपला, आणि गाळाच्या एका पातळ थरानंतर ग्रॅनाईट-नाईसच लागला. लातूरला तो खोल आहे, आपल्याकडं उघडा आहे, एवढाच फरक.

ग्रॅनाईटमध्ये फ्लोराईडची खनिजं असतात. त्याच ग्रॅनाईटमध्ये युरेनियमही असतं, एक टन दगडात साधारण तीन-चार ग्रॅम. बेसॉल्टमध्ये एक ग्रॅमपेक्षाही कमी. दगडात बसून ते कुणाला त्रास देत नाही. पण पाण्यात प्राणवायू आणि बायकार्बोनेट असलं की ते विरघळून चालू लागतं. शेतातून झिरपलेला नायट्रेटही त्याला सुटायला मदत करतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं घट्ट होतं. क्लोरीन टाकूनही जात नाही.

इथं एक सांगतो, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर भलतंच फिरेल. ग्रॅनाईट आहे म्हणजे पाण्यात युरेनियम आहेच, असं नसतं. एका बोअरला असतं, शंभर फुटांवरच्या दुसऱ्या बोअरला नसतं. तपासल्यावरच कळतं. आणि पाण्यातल्या युरेनियमचा मुख्य धोका किरणांचा नाही, मूत्रपिंडाचा आहे. जड धातू म्हणून ते किडनीला त्रास देतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ साली लिटरमागं २ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली होती, २००४ मध्ये १५ आणि २०११ मध्ये ३०. आपल्याकडं आधी अणुऊर्जा नियामक मंडळाचा ६० चा आकडा धरला जायचा. २०२१ पासून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही ३० आलं.

हा ३० चा आकडा लक्षात ठेवा.

समुद्रात किती असतं?

समुद्राच्या पाण्यात युरेनियम असतं लिटरमागं ३.३ मायक्रोग्रॅम. आपल्या मर्यादेच्या जवळजवळ नववा हिस्सा. पण समुद्र एवढा मोठा की एकूण हिशेब ४०० कोटी टनांच्या वर जातो. जमिनीवरच्या सगळ्या खाणी एकत्र केल्या तरी त्याच्या जवळपास येत नाहीत.

हे किती पातळ आहे, ते आपल्या हिशेबात सांगतो. २०१६ चा एप्रिल आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, पुढं ५० डब्यांच्या गाडीत २५ लाख लिटर. ती २५ लाख लिटरची अख्खी गाडी समुद्राच्या पाण्यानं भरली असती तर तिच्यात युरेनियम निघालं असतं सव्वाआठ ग्रॅम. दीड-दोन चमचे साखरेच्या वजनाइतकं. एक किलो हवं असेल तर अशा १२० गाड्या लागतील, आणि तेही त्यातला कण न् कण निघाला तर.

एवढं पातळ असलेलं उकळून किंवा गाळून निघत नाही. उरतो एकच मार्ग, अधिशोषण. शब्द जड आहे, गोष्ट साधी. स्पंज पाणी पितो ते शोषण. पिठाच्या डब्यात ओला हात घातला की हाताला पीठ चिकटतं, ते अधिशोषण. आत काही जात नाही, पृष्ठभागावर बसतं. म्हणजे पृष्ठभाग जितका जास्त, तितकं जास्त बसणार. आणि हात पिठानं पूर्ण माखला की पुढं चिकटत नाही. डबा भरला.

इंग्रज आणि जपानी

१९६४ साली ब्रिटनच्या हार्वेल इथल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात लेख लिहिला: समुद्रातून युरेनियम काढता येईल. त्यांचा 'हात' होता टायटॅनियमचा, हायड्रस टायटॅनियम ऑक्साईड. ब्रिटनकडं स्वतःच्या युरेनियमच्या मोठ्या खाणी नव्हत्या, म्हणून ही धडपड.

जपानकडंही नव्हत्या. त्यांनी कागावा प्रांतात निओ इथं किनाऱ्यावर प्रायोगिक कारखाना उभारला. १९८६ ते १९८८ तो चालला. तोच टायटॅनियमचा पदार्थ, आणि समुद्राचं पाणी पंपानं ओढून त्याच्यावरून सोडायचं. युरेनियम निघालं, पण खर्च आवाक्याबाहेर. पाण्यात असलेलं युरेनियम इतकं थोडं आणि ते ओढायला लागणारी वीज इतकी जास्त की हिशेब बसेना. विहिरीला मोटार लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे पदार्थ. जर्मनीत युलिश इथल्या संशोधकांनी दोनशेच्या आसपास पदार्थ चाळून पाहिले. जपानमध्येही शोध चालूच होता. सगळ्यांची गाडी एकाच रसायनगटावर येऊन थांबली, अमिडॉक्झिम. नाव विचित्र आहे, काम सोपं: युरेनियम दिसलं की खेकड्याच्या नांग्यांसारखं दोन बाजूंनी पकडतं. आजही समुद्रातल्या युरेनियमचं बहुतेक काम याच गटावर चालतं.

दुसरी म्हणजे पद्धत. पाणी पदार्थाकडं ओढण्याऐवजी पदार्थच पाण्यात टाकायचा, बाकीचं काम समुद्राच्या प्रवाहानं करायचं. जपानी लोकांनी प्लॅस्टिकच्या न विणलेल्या कापडावर किरणांच्या मदतीनं अमिडॉक्झिमचं कलम केलं. आंब्याला कलम करतात तसंच, खोड एकाचं, गुण दुसऱ्याचा. हे कापड पिंजऱ्यात भरून आओमोरी प्रांतात मुत्सू-सेकिनेच्या समुद्रात सोडलं. १९९९ ते २००१ या काळात, एकूण २४० दिवस पाण्यात राहून, ३५० किलो कापडानं एक किलोच्या वर युरेनियम पकडलं.

समुद्रानं किलोभर युरेनियम दिलं. पण मला या प्रयोगातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कापड भरल्यावर ते बाहेर काढून आम्लात धुतलं जायचं, युरेनियम सुटायचं, कापड पुन्हा समुद्रात. आणि तिथंच खरी अडचण आली. आम्लानं अमिडॉक्झिम खराब होतं. एकेका धुण्याला कापडाची ताकद कमी होते. पुढच्या वीस वर्षांत जगभर जे काम झालं, त्यातलं बरंचसं 'जास्त पकडायचं कसं' यापेक्षा 'न दुखवता सोडवायचं कसं' यावर झालं. आम्लाऐवजी बायकार्बोनेटनं धुवा, कापड जास्त वेळा वापरा, तरच किंमत उतरते. २०१८ साली अमेरिकेत स्वेटरच्या लोकरीसारख्या साध्या ॲक्रिलिक धाग्यापासून ५ ग्रॅम 'यलो केक' काढल्याची बातमी आली. तिथंही मुद्दा हाच होता: धागा स्वस्त हवा आणि पुन्हा वापरता यायला हवा.

म्हणजे ज्यांना युरेनियम हवं होतं, त्यांनी 'डबा भरल्यावर काय' हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला. कारण भरलेल्या डब्यातच त्यांचा माल होता.

तुर्भे आणि पुणे

आता घरी या. आपल्या देशाकडं युरेनियम आहे, पण थोडं आणि हलक्या प्रतीचं. १९५१ साली झारखंडमध्ये (तेव्हाचं बिहार) जादुगुडाला साठा सापडला. होमी भाभांच्या काळात मुंबईच्या तुर्भ्याला सगळा अणुकार्यक्रम उभा राहिला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर बाहेरून येणाऱ्या इंधनाची वाट अवघड झाली. २००७-०८ च्या सुमारास तर इंधनाअभावी आपल्या अणुभट्ट्या निम्म्याच्या आसपास क्षमतेनं चालत होत्या. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेव्हा डॉ. अनिल काकोडकर होते. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराची चर्चा टीव्हीवर चालायची, सरकार पडतं की राहतं असं झालं होतं, ते आठवत असेल. त्या सगळ्याच्या मुळाशी ही टंचाई होती. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी सूट दिली, मग बाहेरून इंधन येऊ लागलं.

त्याच काळात भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे बीएआरसीत, समुद्रातून युरेनियम काढण्याचं काम चालू होतं. खारं पाणी गोडं करणाऱ्या विभागातले पी. के. तिवारी, टी. एल. प्रसाद आणि सहकारी यात होते. इलेक्ट्रॉनच्या किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या कापडावर कलम करायचं, त्याचं अमिडॉक्झिम करायचं, आणि ते तुर्भ्याच्या खाडीत, सायरस अणुभट्टीच्या धक्क्यापाशी पाण्यात ठेवायचं. निघालं ते मिलिग्रॅमच्या हिशेबात. हसू नका. मिलिग्रॅमशिवाय किलो येत नाही. आपल्या माणसांनी आपल्या समुद्रात हे करून पाहिलं आणि २००९ साली त्याचा अभ्यास छापूनही आला.

पुढचं पाऊल पुण्यात पडलं. आयसर पुणे इथं प्रा. सुजित घोष यांच्या गटानं २०२२ साली एक नवा पदार्थ प्रसिद्ध केला. इथं नॅनोचा विषय येतो.

नॅनो म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढ्या बारीक पातळीवर पदार्थ घडवला की पृष्ठभाग बेसुमार वाढतो. मूठभर ज्वारी आणि तिचंच पीठ, वजन सारखं, पण पीठ किती जागा व्यापतं? 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क' नावाचे जे पदार्थ आहेत, ते म्हणजे धातूचे खांब आणि कार्बनच्या तुळया लावून बांधलेली अतिसूक्ष्म भोकांची इमारत. असल्या एखाद्या पदार्थाच्या चमचाभर भुकटीत आतल्या भिंतींचा पृष्ठभाग हजारो चौरस मीटर भरतो. पुण्याच्या गटानं अशा इमारतीला विजेचा भार दिला आणि भोकं मोठी ठेवली, म्हणजे युरेनियम आत पटकन शिरेल. समुद्राच्या खऱ्या पाण्यात २५ दिवसांत एका ग्रॅम पदार्थानं २८ मिलिग्रॅमच्या वर युरेनियम पकडलं. जपानी कापडाच्या कितीतरी पट.

मला याचा अभिमान वाटतो. पण शिक्षकाचा स्वभाव जात नाही, म्हणून दोन शंका मांडतो. पहिली, भुकटी पाण्यात टाकणं सोपं, परत काढणं अवघड. तिला मण्यात, कापडात नाहीतर चुंबकाला चिकटणाऱ्या लोहकणांवर बसवावं लागतं, आणि तसं केलं की पृष्ठभाग कमी होतो. दुसरी, प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात युरेनियम घोळून पकडणं वेगळं आणि आपल्या बोअरच्या जड पाण्यात पकडणं वेगळं. आपल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. हे दोघं युरेनियमला मध्ये घेऊन असे बसतात की ते पदार्थाला चिकटायलाच तयार होत नाही. म्हणून 'अमुक पदार्थ ९९ टक्के युरेनियम काढतो' अशी बातमी वाचली की पहिलं विचारायचं, कुठल्या पाण्यात?

इंधनासाठी एक न्याय, घोटासाठी दुसरा

आता मूळ मुद्द्यावर येतो.

३.३ मायक्रोग्रॅमचं पाणी उपसायला जगानं साठ वर्षं बुद्धी आणि पैसा लावला. पण ज्या पाण्यात त्याच्या दहापट, वीसपट युरेनियम असू शकतं आणि जे माणूस रोज पितो, त्या बोअरच्या पाण्याकडं लक्ष गेलं ते फार उशिरा. पंजाबच्या माळवा भागात २००९ मध्ये फरीदकोटच्या मुलांच्या केसांत युरेनियम सापडलं तेव्हा देशभर चर्चा झाली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी राजस्थान-गुजरातच्या विहिरी तपासल्या, तेव्हा पुन्हा. मग मानक आलं.

आणि गावाला जेव्हा तंत्र मिळतं, तेव्हा ते अर्धंच मिळतं. फ्लोराईडचं उदाहरण घ्या. भारतात फ्लोराईडचा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात नेल्लोर भागात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनं सत्तरच्या दशकात त्यावर उपाय काढला. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरलेल्या मापात टाकायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा. ज्या जिल्ह्यासाठी काढला त्याचंच नाव पडलं, नालगोंडा तंत्र. उत्तम तंत्र, मराठी मातीतलं, स्वस्त. पण खाली बसलेल्या फ्लोराईडच्या गाळाचं काय करायचं? रोज माप धरून तुरटी कोण टाकणार?

दुसरा उपाय म्हणजे मामाच्या गावच्या डब्यातली पांढरी खडी, ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना. तीही अधिशोषणच करते. भरली की कॉस्टिक सोड्यानं धुवायची, मग आम्लानं ताळ्यावर आणायची, पुन्हा वापरायची. जपान्यांच्या कापडासारखीच. फरक एवढाच, की जपानमध्ये धुणारे लोक पगारावर होते आणि त्यांना त्या धुण्यातून युरेनियम मिळणार होतं. गावात धुण्यातून काय मिळणार? फ्लोराईडचं सांडपाणी. त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून खडी कुणी धुतली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तंत्र एक, रसायनशास्त्र एक. जिथं भरलेल्या डब्याची किंमत होती तिथं तंत्र टिकलं. जिथं भरलेला डबा म्हणजे नुसती कटकट होती, तिथं ते मेलं. दोष मामाचा नाही. त्याला डबा दिला, अर्धी गोष्ट सांगितली.

उद्या आपल्या एखाद्या गावात युरेनियमचा फिल्टर आला तर काय होईल, त्याचा हिशेब करून पाहू. समजा गाव दोन हजार वस्तीचं, माणशी पाच लिटर पिण्याचं पाणी, म्हणजे रोज दहा हजार लिटर. समजा पाण्यात मर्यादेच्या दुप्पट, लिटरला ६० मायक्रोग्रॅम युरेनियम आहे. फिल्टरनं सगळं पकडलं तर रोज ०.६ ग्रॅम. वर्षाला जवळजवळ २२० ग्रॅम. जपाननं साडेतीनशे किलो कापड समुद्रात बुडवून एक किलो काढलं, आणि आपल्या गावचा डबा पाच वर्षांत तेवढं गोळा करील. तो डबा मग शाळेच्या मागं उकिरड्यावर टाकायचा का? पहिल्या पावसात ते सगळं परत विहिरीत.

आरओचं सांगायलाच नको. आरओ युरेनियमही काढतं, फ्लोराईडही काढतं, यात शंका नाही. नांदेड शहराला विष्णुपुरीचं गोदावरीचं पाणी आहे, तरी घरोघरी जार येतात. खेड्यात पाण्याचं एटीएम आहे. पण आरओ काही नष्ट करत नाही. जे काढलं ते उरलेल्या पाण्यात घट्ट करून मागच्या पाइपानं सोडतं. ते पाणी जातं नालीत, नालीतून जमिनीत, जमिनीतून बोअरमध्ये. तिथं डबा भरत नाही, जमीन भरते.

मग करायचं काय?

निराश व्हायचं कारण नाही. पाण्यातलं युरेनियम काढायला जुनी, भरवशाची रेझिन आहेत. बायकार्बोनेटच्या पाण्यात युरेनियम ऋण भाराचं होऊन फिरतं, आणि हे रेझिन नेमकं तेच पकडतं. भरलं की मिठाच्या पाण्यानं धुता येतं. नवे नॅनो पदार्थही येतील. आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटानं नॅनो लोहाचे पदार्थ वापरून आर्सेनिकचे फिल्टर गावोगाव नेऊन दाखवलेत, म्हणजे प्रयोगशाळेतून हापशापर्यंतचा रस्ता आहे. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या, आपल्या कॉलेजांतल्या पोरांनी या विषयात हात घालावा असं मला मनापासून वाटतं. फक्त आपल्या बोअरचं पाणी घेऊन घाला, डिस्टिल्ड वॉटर घेऊन नको.

आणि ग्रामसभेत, सरपंचासमोर, तीन गोष्टी मागा.

पहिली, आपल्या बोअरच्या पाण्यात युरेनियम किती आहे? गावात येणाऱ्या छोट्या तपासणी पेटीत फ्लोराईडचा अंदाज येतो, युरेनियमचा येत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं. एलईडीच्या उजेडावर चालणारं फ्लोरिमीटर आता आपल्या देशातच बनतं. ग्रॅनाईटच्या पट्ट्यातल्या पिण्याच्या बोअरची अशी तपासणी लेखी मागा, आणि आलेला आकडा पंचायतीच्या भिंतीवर लावायला सांगा.

दुसरी, आधी पर्यायी पाणी आहे का ते पाहा. जवळच्या तलावाचं, नदीचं, उथळ आडाचं, नाहीतर छपरावरचं पावसाचं पाणी. जो डबा लागतच नाही, तो भरतही नाही. आडांत, बारवांत गाळ आणि प्लॅस्टिक टाकून आपण बोअरच्या मागं लागलो, सहाशे-आठशे फूट खाली गेलो. पूर्वीचे लोक वरचं पाणी प्यायचे.

तिसरी, फिल्टर घ्यायचाच असेल तर नारळ फोडण्याआधी विचारा: हा किती लिटरला भरतो? भरल्याचं कळणार कसं? धुणार कोण, बदलणार कोण, पैसे कुठल्या खात्यातून? आणि भरलेला माल उचलून नेणार कोण? याची उत्तरं करारात लिहून द्यायला तयार नसतील, तर तो फिल्टर नव्हे, एक वर्षाचा फोटो आहे.

मामा आता नाही. हापशावरचा डबा अजून तिथंच आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मामाची नात तिथं घागर भरत होती. आठ-नऊ वर्षांची असेल. माझ्याकडं बघून हसली आणि मी तिचे दात बघितले. पुढच्या दोन दातांवर पांढरे चट्टे आलेत. सुरुवात अशीच असते.

तुमच्या गावात असा भरलेला डबा असेल तर तालुका आणि गाव खाली लिहा. आधी नुसती यादी करू. ती घेऊन कुठं जायचं, ते मग मिळून ठरवू.